गर्भातच दिसलेली पित्तनलिकेची सिस्ट : थांबायचे किती आणि कशासाठी?

आपला प्रश्न असा आहे. मुलगी आज ३४ दिवसांची आहे. गरोदरपणाच्या २२व्या आठवड्यातील सोनोग्राफीत तिच्या यकृताखाली १४ मिलिमीटरची पाण्याची गाठ दिसली होती. जन्मानंतर दहाव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी झाली, तेव्हा गाठ १५ मिलिमीटरची होती आणि अहवालात ‘कोलेडोकल सिस्ट, टाइप वन’ (म्हणजे मुख्य पित्तनलिकेचा फुगवटा) असे लिहून आले. बाळ अंगावर चांगले पिते, वजनही वाढते आहे. डोळ्यांत मात्र अजून पिवळेपणा आहे. विसाव्या दिवशी टोटल बिलिरुबिन (रक्तातील काविळीच्या पिवळ्या रंगद्रव्याचे एकूण प्रमाण) ८.२ आले, तेव्हा ‘आईच्या दुधाची कावीळ आहे, कोवळ्या उन्हात ठेवा’ असे सांगण्यात आले, आणि सिस्टचे ऑपरेशन बाळ वर्षाचे, दहा किलोचे झाल्यावर करू, असा सल्ला मिळाला. शीचा रंग आपण ‘फिकट पिवळा, कधी कधी पांढुरका’ असा लिहिला आहे. वर्षभर थांबणे बरोबर आहे का, गाठ औषधाने विरघळेल का, गरोदरपणात काही चुकल्यामुळे हे झाले का, आणि पुढच्या मुलाला होईल का, असे आपले चार प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण बाकीची उत्तरे वाचायला वेळ आहे, या एका गोष्टीला नाही. वर्षभर थांबू नये. आठवडाभरही थांबू नये. उद्या सकाळी बाळाच्या रक्तातील बिलिरुबिन पुन्हा तपासून घ्यावे आणि लॅबच्या कागदावर ‘टोटल आणि डायरेक्ट’ असे दोन्ही लिहिलेले आहे ना, हे स्वतः पाहावे. विसाव्या दिवशी फक्त टोटल झाले होते, आणि टोटलच्या एकट्या आकड्यावरून या बाळाबद्दल काहीही ठरवता येत नाही.

नवजात बाळाला जी नेहमीची कावीळ होते, तिच्यात यकृताने अजून प्रक्रिया न केलेले, म्हणजे इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलेले असते. आईच्या दुधाची कावीळही याच प्रकारची असते. ती काही आठवडे टिकते आणि आपोआप ओसरते. डायरेक्ट बिलिरुबिन ही वेगळी गोष्ट आहे. यकृताने आपले काम पूर्ण करून ते पित्तात सोडलेले असते, पण पुढे जायला वाट न मिळाल्याने ते उलटे रक्तात येते. हा आकडा एक मिलिग्रॅमच्या वर असेल तर ती आजाराची कावीळ समजूनच पुढे चालावे लागते. तिला कोवळ्या उन्हाने किंवा फोटोथेरपीच्या निळ्या दिव्याने काहीही फरक पडत नाही. उलट अशा बाळाला दिव्याखाली ठेवले तर त्वचा करडी-तपकिरी दिसू लागते. दोन आठवड्यांनंतर कावीळ टिकली तर डायरेक्ट बिलिरुबिन बघायचे, आणि फक्त अंगावर पिणारे, बाकी सर्व ठीक असलेले बाळ असेल तर फार तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबायचे, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. आपल्याकडे तो पाळला जात नाही याचे मला गेली अनेक वर्षे वाईट वाटत आले आहे, कारण ही तपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते आणि तिला जेवढा खर्च येतो तेवढा एका औषधाच्या बाटलीलाही येतो.

आता ही गाठ नेमकी कशाची, ते पाहू. यकृतात तयार झालेले पित्त बारीक नलिकांतून एकत्र येत उजव्या आणि डाव्या अशा दोन नलिकांत उतरते, त्या दोघी यकृताच्या दाराशी मिळून एक होतात, पुढे पित्ताशयाची नलिका तिला येऊन मिळते आणि ही मुख्य पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यामागून जाऊन लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडते. नवजात बाळात ही मुख्य नलिका एक ते दोन मिलिमीटरची, म्हणजे जाडसर दोऱ्याएवढी असते. तिथे १५ मिलिमीटरचा फुगा दिसला, तर सोनोग्राफी करणारे तज्ज्ञ कोलेडोकल सिस्ट असे लिहितात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असते. परंतु गर्भात किंवा जन्मानंतर लगेच तंतोतंत असेच दिसणारे दुसरेही एक कारण आहे. ते म्हणजे बिलिअरी अट्रेशियाचा सिस्ट असलेला प्रकार. पहिल्या आजारात नलिका फुगलेली असते पण वाहती असते. दुसऱ्यात नलिका बंद झालेली असते, तिचा दोऱ्यासारखा तंतू झालेला असतो आणि त्या बंद वाटेवर मध्येच एक फुगा उरलेला असतो. चित्र एकच असले तरी पहिल्यात आपल्याकडे काही महिने असतात आणि दुसऱ्यात काही दिवस.

बिलिअरी अट्रेशिया मुळातच दुर्मीळ आहे. युरोपात साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक, तर तैवानसारख्या पूर्व आशियाई देशांत त्याहून बरेच जास्त असे त्याचे प्रमाण आहे. त्यातही सिस्ट असलेली बाळे शंभरात पाच ते दहा. त्यामुळे अनेक बालरोगतज्ज्ञांना उभ्या कारकिर्दीत असे एखादेच बाळ भेटते आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला याच कारणाने तसा पडला असेल. मी त्यांना दोष देत नाही. पण आपण लिहिलेल्या तपशिलांतील तीन गोष्टी मला स्वस्थ बसू देत नाहीत.

पहिली गोष्ट गाठीच्या वाढीची. खरी कोलेडोकल सिस्ट गर्भात आणि जन्मानंतर बहुधा वाढत जाते, कारण तिच्यात पित्त येत राहते. अट्रेशियातील सिस्ट लहान असते आणि फारशी वाढत नाही. चार-साडेचार महिन्यांत १४चे १५ मिलिमीटर म्हणजे वाढ नाहीच. दुसरी गोष्ट अशी की अहवालात यकृताच्या आतील नलिका फुगल्याचा उल्लेख नाही आणि पित्ताशयाबद्दल एक ओळही नाही. पुढची सोनोग्राफी बाळ चार तास उपाशी असताना, लहान मुलांची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी आणि पित्ताशय आहे का, त्याची लांबी किती, भिंत गुळगुळीत आहे की खडबडीत, दूध पाजल्यावर ते आकसते का, यकृताच्या दाराशी पांढरा त्रिकोणी पट्टा दिसतो का, हे त्यांना स्पष्ट विचारावे. सिस्टच्या आत गाळ दिसणे हे तिच्यात पित्त येत असल्याचे लक्षण आहे, आणि नितळ पाण्यासारखी सिस्ट मला अधिक काळजीत टाकते.

तिसरी गोष्ट शीची. ‘फिकट पिवळा, कधी कधी पांढुरका’ या शब्दांवर मी अडलो आहे. बाळाच्या शीला पिवळा, हिरवट किंवा मोहरीसारखा रंग येतो तो पित्तामुळे. पित्त आतड्यात उतरलेच नाही तर शी भिजवलेल्या शाडूच्या मातीसारखी, खडूसारखी किंवा दुधाच्या सायीसारखी दिसते. घरातल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात ती हमखास पिवळी वाटते. म्हणून दुपटे खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात न्यावे. कावीळ असलेल्या बाळात शीवरून पिवळ्या रंगाचा पातळ थर असू शकतो, कारण आतड्याच्या अस्तरातून आणि लघवीतून तो रंग लागतो. काडीने शी मधोमध फोडून आतला रंग बघावा. नवजात बाळाची लघवी पाण्यासारखी असायला हवी. तिचा दुपट्यावर पिवळा डाग पडत असेल तर तेही डायरेक्ट बिलिरुबिनचेच लक्षण आहे. एका आईने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत सहा दुपटी बांधून आणून दाखवली होती, प्रत्येकावर तारीख लिहिलेली. पहिल्या दोनांवर हळदीचा रंग होता, मग ताकाचा, आणि शेवटच्या दोनांवर रंगच नव्हता. त्या सहा दुपट्यांनी मला जे सांगितले, ते सोबतच्या जाड फाइलमध्ये नव्हते. आज मोबाइलवर रोज एक फोटो काढून ठेवला तरी तेच काम होते. तैवानने २००४ साली बाळाच्या आरोग्यपुस्तिकेतच शीच्या रंगांचा तक्ता देशभर देण्यास सुरुवात केली आणि त्यानंतर तिथली बाळे वेळेत शस्त्रक्रियेला पोहोचू लागली. जपाननेही पुढे तसाच तक्ता माता-बाल पुस्तिकेत घातला. आपल्याकडील माता-बाल संरक्षण कार्डात असे रंगांचे एक पान असावे असे मला मनापासून वाटते.

दिवसांची इतकी घाई कशासाठी, हे समजून घेतले तर पुढची धावपळ निरर्थक वाटणार नाही. नलिका बंद असली की यकृतात साचलेले पित्त यकृतालाच इजा करते आणि तिथे व्रणासारखी तंतुमय गाठण धरू लागते. उपचार झाले नाहीत तर साधारण दोन वर्षांच्या आत मूल दगावते. १९५०च्या दशकापर्यंत या आजाराच्या बहुसंख्य बाळांचे पोट उघडून, जोडायला नलिका नाही हे पाहून, ते तसेच बंद करावे लागत असे. जपानमधील सेंदाई येथील शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी १९५५ मध्ये वेगळी वाट धरली. यकृताच्या दाराशी असलेला तंतुमय भाग त्यांनी पातळ कापून काढला आणि त्या उघड्या जागेला आतडे जोडले. डोळ्यांना तिथे नलिका दिसत नाही, पण सूक्ष्म नलिका जिवंत असतात आणि त्यांतून पित्त वाहू शकते. १९५९ मध्ये त्यांनी हे जपानी भाषेत प्रसिद्ध केले, बाकीच्या जगाला ते पटायला आणखी काही वर्षे गेली. आज ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या सूक्ष्म नलिका दिवसागणिक कमी होत जातात. म्हणून शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत व्हावी, ३० ते ४५ दिवसांत झाली तर त्याहून उत्तम, आणि ९० दिवसांनंतर यशाची शक्यता बरीच घटते. चांगल्या केंद्रांमध्ये वेळेत शस्त्रक्रिया झालेल्या साधारण निम्म्या बाळांची कावीळ पूर्ण जाते. उरलेल्यांना, आणि कावीळ गेलेल्यांपैकीही अनेकांना पुढे कधीतरी, यकृत प्रत्यारोपण लागते. भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले, ते याच आजाराच्या एका लहान मुलाचे होते, वडिलांनी दिलेल्या यकृताच्या तुकड्यावर; ते मूल मोठे होऊन स्वतः डॉक्टर झाले. सिस्ट असलेल्या प्रकारात वेळेवर कासाई शस्त्रक्रिया झाली तर निकाल इतर प्रकारांपेक्षा काहीसे चांगले येतात. गर्भातच खूण दिसलेली असल्यामुळे या बाळांचे निदान खरे तर सर्वांत लवकर व्हायला हवे, आणि ‘ही तर कोलेडोकल सिस्ट, घाई नाही’ या समजुतीपायी नेमका त्यांचाच वेळ वाया जातो. माझ्याकडे ११० दिवसांचे असे एक बाळ आले होते, ज्याच्या गर्भातील तीन सोनोग्राफींवर गाठीची नोंद होती आणि जन्मानंतर तीन महिने त्याला उन्हात ठेवले गेले होते. शस्त्रक्रियेत त्याचे यकृत हिरवट, कडक आणि खरखरीत लागले. ते बाळ पुढे प्रत्यारोपणाने वाचले, पण जी वेळ त्याच्या हातात होती ती कुणीतरी मोजायला हवी होती.

म्हणून उद्याचा अहवाल आल्यावर काय करावे, ते सांगतो. डायरेक्ट बिलिरुबिन एकच्या वर असेल तर, किंवा उजेडात पाहिलेली शी सतत फिकट असेल तर आकड्याचीही वाट न पाहता, बालशल्यचिकित्सक आणि लहान मुलांच्या यकृताचे तज्ज्ञ दोघेही जिथे आहेत अशा केंद्रात त्याच आठवड्यात जावे. जाण्याआधी बाळाला व्हिटॅमिन ‘के’चे इंजेक्शन दिले आहे का ते विचारावे, नसेल तर द्यायला सांगावे, पित्त आतड्यात नसले की हे जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि अशा बाळांत अचानक मेंदूत रक्तस्राव झाल्याची उदाहरणे आहेत. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी पीटी-आयएनआर ही तपासणीही सोबत व्हावी. हायडा स्कॅन, म्हणजे शिरेतून दिलेले किरणोत्सारी द्रव्य पित्तासोबत आतड्यात उतरते का हे पाहणारी तपासणी, सुचवला जाईल. त्यासाठी पाच दिवस आधी औषध द्यावे लागते, तारीख मिळायला आणखी दिवस लागतात, आणि स्कॅनमध्ये द्रव्य आतड्यात उतरले नाही तरी अट्रेशिया सिद्ध होत नाही. म्हणून मी त्यासाठी एकही दिवस थांबत नाही. एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, इतक्या लहान बाळात भूल देऊन करावी लागते आणि तिच्यातही बारीक नलिका नीट दिसत नाहीत. खरे उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळते.

ते कसे मिळते हे पालकांना सहसा कुणी सांगत नाही. पोटाला लहान छेद देऊन सिस्टमध्ये किंवा पित्ताशयात बारीक नळी घालतात आणि क्ष-किरणांखाली औषध सोडतात. कोलेडोकल सिस्ट असेल तर औषध खाली आतड्यात उतरते किंवा उतरण्याची वाट तरी दिसते, आणि वर यकृतात गेल्यावर पडद्यावर निष्पर्ण झाडासारख्या फांद्या उमटतात : एक खोड, दोन मोठ्या फांद्या, मग डहाळ्या. अट्रेशिया असेल तर खाली काहीच जात नाही, आणि वर गेलेच तर फांद्यांऐवजी पिंजलेल्या कापसासारखा धूसर ढग दिसतो. सिस्ट टोचल्यावर सोनेरी पित्त येते की पाण्यासारखा नितळ चिकट द्रव येतो, हेही त्याच क्षणी दिसते. नितळ द्रव आला की खोलीतले सगळे गप्प होतात. ढगाचे चित्र असताना सिस्टलाच आतडे जोडून काम उरकण्याचा मोह होतो, कारण सिस्ट हाताशी असते आणि जोड सोपा असतो. हा मोह टाळून पूर्ण कासाई शस्त्रक्रियाच करावी, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे आपण ज्या शल्यचिकित्सकांकडे जाल, त्यांनी दोन्ही तऱ्हेची तयारी ठेवूनच टेबलाशी उभे राहावे, आणि कासाई शस्त्रक्रिया आपण नियमित करता का, असे त्यांना विचारण्यात काहीही संकोच बाळगू नये.

आता दुसरी, अधिक सुखाची शक्यता. डायरेक्ट बिलिरुबिन नॉर्मल आले, शी आतपर्यंत पिवळी आहे, पित्ताशय चांगले दिसते आहे, तर ही खरी कोलेडोकल सिस्ट आहे आणि कावीळ खरोखर दुधाचीच आहे. मग बाळाला रोज दूध पाजावे, दर दोन आठवड्यांनी बिलिरुबिन आणि यकृताच्या तपासण्या व महिन्याने सोनोग्राफी करावी आणि तिसऱ्या महिन्याच्या आसपास शस्त्रक्रिया योजावी. सहा महिन्यांच्या पुढे मी नेत नाही. काही केंद्रे पहिल्याच महिन्यात करतात. तेव्हा नलिका फार नाजूक असल्याने जोड कठीण जातो, तर फार उशीर केला की त्रास नसलेल्या बाळाच्या यकृतातही व्रण धरू लागल्याचे आढळते. मधल्या काळात ताप, उलट्या, पांढरी शी किंवा गाठ वाढलेली दिसली तर ठरलेली तारीख मोडून लगेच करावी.

गाठ औषधाने विरघळेल का, हा आपला दुसरा प्रश्न. नाही. ही गाठ म्हणजे कशाचा साठा किंवा सूज नव्हे, ती नलिकेची भिंतच आहे, मूळ घडणीतच पसरलेली. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या पित्त पातळ ठेवायला मदत करतात, एवढेच. काविळीचा झाडपाला, काविळीची माळ, कावीळ उतरवणे हे सारे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी मायेपोटीच सुचवले असेल, पण ३४ दिवसांच्या बाळाच्या तोंडात झाडपाल्याचा थेंबही जाऊ देऊ नये. आधीच ताणाखाली असलेल्या यकृतावर तो आणखी एक भार होतो.

शस्त्रक्रियेत सिस्ट पूर्ण काढून टाकली जाते, पित्ताशयासह. वर जिथे निरोगी नलिका सुरू होते तिथे कापून, लहान आतड्याची एक मोकळी केलेली वळी वर आणून त्या नलिकेला जोडतात. पित्ताची वाट वेगळी आणि अन्नाची वेगळी राहून दोन्ही खाली मिळतात. काम बारीक आहे. सिस्टच्या मागच्या अंगाला यकृताला रक्त पुरवणारी मोठी शीर चिकटलेली असते, आणि उजवी यकृत-धमनी अनेकदा नेहमीसारखी मागून न जाता सिस्टच्या पुढून आडवी गेलेली असते. घाईने हात चालवला तर तीच कापली जाते. खालचे टोक स्वादुपिंडाच्या नलिकेला इजा न होता, पण तिच्या अगदी जवळपर्यंत नेऊन बांधावे लागते. भिंत शिरेला फारच चिकटली असेल तर बाहेरचा पापुद्रा तिथेच ठेवून आतले अस्तर तेवढे सोलून काढण्याची पद्धत १९७०च्या दशकापासून आहे. दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया १९९५ पासून होत आली आहे आणि अनुभवी हातांत तिचे निकाल चांगले आहेत, परंतु तीन महिन्यांच्या बाळात जोडाचे टाके किती अचूक बसतात याला छेदाच्या लांबीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व आहे. नंतर जोडातून गळती, पुढे जोड अरुंद होणे आणि पित्तनलिकेत जंतुसंसर्ग हे धोके राहतात. ते थोड्या मुलांत दिसतात, पण दिसतात.

सिस्ट काढण्याऐवजी ती तशीच ठेवून आतड्याला जोडून द्यावी, असा सल्ला आपल्याला कुणी दिला तर तो नाकारावा. पूर्वी सर्रास तसेच करत, कारण शस्त्रक्रिया सोपी आणि सुरक्षित वाटे. अशी लहानपणी जोड दिलेली एक स्त्री वयाच्या पस्तिशीत माझ्या सहकाऱ्यांकडे थंडीतापाने आली, राहिलेल्या सिस्टमध्ये खडे होते आणि भिंतीत कर्करोग. सिस्टच्या अस्तराला कर्करोगाचा धोका वयासोबत वाढत जातो. पहिल्या दशकात तो एक टक्क्याहून कमी असतो, प्रौढपणी दहा टक्क्यांच्या पुढे जातो. याचे कारण बहुतेक अशा मुलांत पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्याच्या भिंतीच्या बाहेरच, नेहमीपेक्षा वर एकत्र येतात. तिथे झडपेचा ताबा नसतो, स्वादुपिंडाचा रस पित्तनलिकेत चढतो आणि अस्तर वर्षानुवर्षे जळत राहते. अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ डोनाल्ड बॅबिट यांनी १९६९ मध्ये याच रसाला सिस्ट होण्याचे कारण मानले. मोठ्या मुलांबाबत ते पुष्कळ अंशी पटते. आपल्या मुलीसारख्या, गर्भात विसाव्या आठवड्याच्या सुमारास दिसलेल्या सिस्टबाबत मला ते अपुरे वाटते, कारण तेव्हा तो रस जवळजवळ तयारच होत नसतो. तिथे नलिकेच्या खालच्या टोकाची मूळ घडणच अरुंद झालेली असावी.

प्रकारांविषयी थोडेच सांगतो. आज वापरात असलेले पाच प्रकार जपानी शल्यचिकित्सक तोदानी यांनी १९७७ मध्ये मांडले. पहिला म्हणजे मुख्य नलिकेचा फुगवटा, तो सर्वांत जास्त आढळतो. चौथ्यात यकृतातील नलिकाही फुगलेल्या असतात, त्यांची देखरेख अधिक काटेकोर लागते. पाचवा कॅरोलीचा आजार, त्यात फक्त यकृतातील नलिका फुगतात, मूत्रपिंडांचाही आजार सोबत असू शकतो आणि उपचार अगदी वेगळे असतात. आणखी एक नाव आपल्या कानावर पडेल, अलाजील सिंड्रोम. त्यात यकृतातील बारीक नलिकाच कमी असतात, शी फिकट होते, पण तिथे कासाई शस्त्रक्रियेने नुकसान होते. त्यामुळे बाळाचे हृदय, मणक्यांचा एक्स-रे आणि डोळे एकदा तपासून घेणे योग्य, मात्र त्यात दिवस जाऊ देऊ नयेत.

शस्त्रक्रियेचा खर्च आपण विचारला नाही, तरी मनात असणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणते उपचार बसतात, हे त्या योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधीच विचारावे, आणि जन्मजात दोषांसाठी असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रातही नोंद करावी. कागदपत्रांची जमवाजमव घरातील दुसऱ्या कुणावर सोपवावी. आपण आणि बाळाची आई दोघेही रांगेत उभे राहिलात तर दवाखाना मागे पडतो.

तिसऱ्या प्रश्नात आपण लिहिले आहे की बाळाच्या आईला घरात ‘ग्रहण पाळले नाहीस’ असे ऐकवले जाते आणि ती रात्री रडते. कृपया हे तिला वाचून दाखवा. पित्तनलिकांचा कोंब गर्भाच्या चौथ्या आठवड्यात फुटतो, जेव्हा कित्येक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही कळलेले नसते. ग्रहण, कात्री, पपई, गोळ्या चुकवणे, जास्त काम करणे, यांतील कशानेही पित्तनलिका फुगत नाही की बंद होत नाही. कोलेडोकल सिस्ट मुलींमध्ये तीन-चार पटींनी जास्त आढळते, हे खरे, पण त्यामागे आईचा वा मुलीचा कसलाही दोष नाही. बाळाला अंगावरचे दूध बंद करण्याचा सल्ला मिळाला असेल तर तोही मानू नये. आजार कोणताही निघाला तरी आईचे दूध चालू ठेवायचे आहे, आणि पित्त अडलेले निघाले तर त्याच्या जोडीने मेद सहज पचेल असे पूरक अन्न व ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वे द्यावी लागतील.

पुढच्या मुलाला हेच होण्याची शक्यता फार कमी आहे. हे दोन्ही आजार सहसा घराण्यात चालत नाहीत. बिलिअरी अट्रेशियात तर जुळ्यांपैकी बहुधा एकालाच आजार असतो आणि दुसरे बाळ निरोगी असते. पुढच्या गरोदरपणात अठरा ते बावीस आठवड्यांची नेहमीची सोनोग्राफी करावी, आणि ती करणाऱ्यांना या मुलीविषयी आधी सांगावे, म्हणजे ते यकृताखालची जागा आणि पित्ताशय मुद्दाम पाहतील. त्यापलीकडे वेगळी कोणतीही तपासणी लागत नाही. उद्याचा अहवाल हाती आला की डायरेक्टचा आकडा आणि उजेडात काढलेला दुपट्याचा फोटो, दोन्ही लगेच पाठवावेत.